गूळ दुकानातून येतो? : आपल्या जिल्ह्याची चव शिकवणारी सहल



परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीच्या मुलांना विचारलं, "गूळ कुठून येतो?" एकानं पटकन हात वर केला, "बाई, दुकानातून!" कुणी हसलं नाही, कारण बाकीच्यांचंही उत्तर तेच होतं. शाळेच्या कुंपणापलीकडं ऊस उभा आहे, जिल्हा गुळासाठी ओळखला जातो आणि आमच्या मुलांचा गूळ दुकानातून येतो! यात चूक मुलांची नाही, माझीच. गेल्या वर्षी मी त्यांना सहलीला वॉटर पार्कला नेलं होतं. मजा आली, पण सहलीवर निबंध लिहायला सांगितल्यावर सगळ्यांच्या वहीत घसरगुंडीच.

थोडं इटलीकडे बघू

इटलीत टस्कनी नावाचा प्रांत आहे. तिथं जाणारे पर्यटक नुसते चर्च आणि पुतळे बघून परतत नाहीत. द्राक्षमळ्यात जातात, तळघरातली पिंपं बघतात, तिथलंच चीज आणि ऑलिव्हचं तेल चाखतात. ज्या मातीत पिकलं, तिथंच बसून खायचं. तिथल्या कियांती वाइनच्या प्रदेशाच्या सीमा 1716 साली तिथल्या ड्यूकनं जाहीरनामा काढून ठरवून दिल्या. म्हणजे 'हे नाव कुणी वापरायचं' याचा विचार तिथं तीनशे वर्षांपूर्वी झाला. मुलांपुढं वाइनचा विषय काढायची गरज नाही. आपल्याला घ्यायचा आहे तो मुद्दा नावाचा आणि मातीचा.

टस्कनीशी कोल्हापूरचं एक नातंही आहे. युरोपचा दौरा आटोपून परत येताना आपले छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 साली टस्कनीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस वर्षं. तिथं नदीच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी त्यांचं स्मारक आजही उभं आहे आणि जवळच्या पुलालाही 'इंडियानो' म्हणजे भारतीय असं नाव आहे. नकाशावर कोल्हापूर ते फ्लॉरेन्स रेघ ओढायला लावा, मुलं ती गोष्ट विसरणार नाहीत.

आपल्याकडची नावं

आपल्या देशात अशा नावांना भौगोलिक मानांकन मिळतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला जीआय म्हणतात. त्याचा कायदा 1999 चा. कोल्हापुरी गुळाला हे मानांकन 2014 साली मिळालं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला 2016 साली, तर कोल्हापुरी चपलेला 2019 साली. चपलेचं मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं मिळून आहे, हेही मुलांना सांगा. माती आणि कारागिरी राज्याची सीमा बघत नाही.

गुऱ्हाळात काय दाखवायचं?

हंगाम साधारण दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. गुऱ्हाळमालकांना आधी विचारून जा. क्रम असा ठेवा :

1. घाणा : ऊस पिळून रस निघतो, उरतात ती चिपाडं. ती वाळवून तीच जळण म्हणून वापरतात. 'काही वाया जात नाही' हा धडा इथं डोळ्यांसमोर असतो.
2. काहील : मोठ्या काहिलीत रस उकळतो. रानभेंडीचा चिकट रस घातला की गाळ वर येतो. ती मळी झाऱ्यानं काढतात. विज्ञानाच्या पुस्तकातली 'मिश्रण वेगळं करणे' ही कृती हीच.
3. गुळव्या : सगळ्यात महत्त्वाचा माणूस. पाक साधारण 118 अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होतो, पण अनुभवी गुळव्याला तापमापक लागत नाही. थेंब थंड पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून तो सांगतो, "उतरवा!" मुलांना त्यालाच प्रश्न विचारू द्या.
4. वाफा : पाक ओतून घोटतात आणि साच्यात भरून ढेपा पाडतात. त्याआधी उतरवलेली पातळ काकवी ताज्या भाकरीबरोबर खायला द्या.

काहिलीजवळ मुलांना जाऊ देऊ नका. दोरी बांधा, पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा.

गणितही तिथंच होतं. शंभर किलो उसापासून साधारण दहा ते बारा किलो गूळ मिळतो. मग एक टन उसाचा किती? तेवढ्यासाठी किती माणसं किती तास राबली? एवढं केलं की गुळाचा भाव मुलांना वेगळाच दिसायला लागतो.

दुपारी पन्हाळा

पन्हाळा शहरापासून साधारण वीस किलोमीटर. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यात तो आहे. तीन दरवाजा दाखवाच, पण आजच्या विषयासाठी अंबरखान्यात जास्त वेळ थांबा. ही धान्याची कोठारं. 1660 मध्ये सिद्दी जौहरनं वेढा घातला तेव्हा शिवाजी महाराज कित्येक महिने गडावर अडकले होते. 'वेढ्यात माणसं जगतात कशावर?' असं तिथंच उभं राहून विचारा. तलवारीइतकंच धान्यही लढतं, हे मुलं आपणहून सांगतील.

घरी काय करायचं?

पालकांसाठी एक छोटं काम. मुलाला घेऊन बाजारात जा आणि दोन-तीन प्रकारचा गूळ आणा. रंग, चव, पाण्यात विरघळल्यावर खाली राहणारा गाळ, सगळं वहीत लिहायला लावा. पिवळाधमक गूळच चांगला, हा आपलाच समज आहे. तो रंग यावा म्हणून काही ठिकाणी रासायनिक पावडर घालतात, काही ठिकाणी साखरही मिसळतात. आपण रंग बघून घेतो म्हणून तसं बनवलं जातं. रसायन न घालता गूळ करणाऱ्याचा माल मग काळपट म्हणून मागं पडतो.

मानांकनाचा कागद एकटा काही वाचवू शकत नाही. कियांतीचं नाव टिकलं, कारण घेणाऱ्यालाही त्याची पारख आहे. आपल्या भागातली गुऱ्हाळं वर्षागणिक कमी होत चालली आहेत. ती टिकवणं एका शिक्षिकेच्या हातात नाही, हे मलाही कळतं. पण पारख असलेली तीस-पस्तीस मुलं दरवर्षी तयार करणं नक्की माझ्या हातात आहे.

यंदा आमची सहल गुऱ्हाळावर. तुमची कुठं?