विश्लेषण : पाच नाण्यांची शिडी, वीस नाण्यांच्या काठ्या… ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे खेळाडू नियमांतील पळवाटा का शोधतात?

दहा फुटी शिडी विकत घ्यायची, आडव्या पायऱ्या करवतीने कापून टाकायच्या आणि उरलेले दोन उभे दांडे ‘दहा फुटी काठ्या’ म्हणून बाजारात विकायचे. पैसे चौपट! हा धंदा चालतो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात. २००३ साली आलेल्या ‘साडेतीन’ आवृत्तीच्या नियमपुस्तकात शिडीची किंमत होती तांब्याची पाच नाणी. तेवढ्याच लांबीच्या काठीची मात्र चांदीची दोन, म्हणजे तांब्याची वीस. वस्तू विकताना निम्मीच किंमत मिळते हा नियम धरला, तरी दोन काठ्यांचे वीस तांबे हातात पडतात. किंमतयादीतील अशा फटी शोधणे हा या खेळातला एक खेळच आहे. तो कसा चालतो आणि कुठे थांबवायचा, याविषयी…

हा खेळ नेमका काय आहे?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी खेळकर्त्यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित केला. सध्या त्याची मालकी हॅस्ब्रोच्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीकडे आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतली मुले तळघरात बसून जो खेळतात, तो हाच. त्याला पट किंवा सोंगट्या लागतातच असे नाही. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण ‘डंजन मास्टर’ म्हणजे सूत्रधार होतो. तो समोरची परिस्थिती सांगतो, ‘आता काय करता?’ असे विचारतो आणि खेळाडू उत्तर देतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो.

इथेच या खेळाचा बुद्धिबळाशी फरक पडतो. बुद्धिबळात घोडा अडीच घरेच चालतो. इथे मात्र खेळाडू काहीही करून पाहू शकतो. नियमपुस्तक कितीही जाड असले, तरी ‘काहीही’ त्यात मावत नाही. पळवाटांचा जन्म या मोकळ्या जागेतून होतो.

जादूच्या वस्तू कशा वापरल्या जातात?

‘इमूव्हेबल रॉड’ म्हणजे ‘अढळ दांडा’ ही या खेळातली लोखंडी दांड्यासारखी साधी दिसणारी वस्तू. तिच्यावरचे बटण दाबले की दांडा आहे तिथेच, हवेतसुद्धा, घट्ट राहतो आणि ८,००० पौंड, म्हणजे सुमारे ३,६०० किलो वजन पेलतो. वस्तूच्या वर्णनाचा मुख्य भाग एवढाच. बाकीचे बरेचसे खेळाडूंच्या डोक्यातून येते. कोणी दाराला अडसर म्हणून तो लावतो. दोन दांडे असतील तर एकाला लोंबकळत दुसरा वर रोवायचा आणि हवेतच शिडी चढल्यासारखे वर जायचे. कोणी तो राक्षसी प्राण्याच्या जबड्यात उभा अडकवतो.

‘डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर’ म्हणजे पाणी न संपणारी सुरई. तिचा सर्वांत मोठा फवारा एका फेरीत ३० गॅलन, म्हणजे ११३ लिटरच्या आसपास पाणी सोडतो. एक फेरी सहा सेकंदांची. कोणी न थांबता आज्ञा देत राहिले, तर मिनिटाला ११०० लिटरहून अधिक. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर नऊ मिनिटांत भरेल. ही सुरई तहान भागवण्यासाठी आहे असे वाटते. खेळाडू मात्र तिने शत्रूचे भुयार पाण्याने भरून टाकतात, किंवा फरशीवर पाणी ओतून ते कुठल्या फटीतून झिरपते हे पाहत चोरदरवाजा शोधतात.

‘बॅग ऑफ होल्डिंग’ ही आतून प्रचंड मोठी असलेली पिशवी. त्यात ५०० पौंड सामान मावते, पण पिशवीचे वजन कायम तेवढेच राहते. ‘पोर्टेबल होल’ हे घडी घालून ठेवता येणारे खड्ड्याचे कापड. या दोन्ही वस्तूंच्या वर्णनात एक इशारा आहे : एक दुसऱ्यात ठेवली, तर दोन्ही नष्ट होतात आणि दहा फुटांच्या आतले सारे जीव वेगळ्याच लोकात ओढले जातात. नियमात हा धोका म्हणून लिहिलेला आहे. खेळाडूंनी त्याचे शस्त्र केले. बाण लागताच एक वस्तू दुसरीत शिरेल, असे बाणाचे टोक त्यांनी कल्पिले.

ही परंपरा कितपत जुनी?

खेळाइतकीच जुनी, किंबहुना त्याहूनही. या खेळाचे पूर्वज म्हणजे टेबलावर मांडायचे युद्धखेळ. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी असा खेळ वापरला जाई. सुरुवातीला त्याचे नियम तपशीलवार होते. पुढे १८७६ च्या सुमारास नियमांपेक्षा अनुभवी पंचाच्या निर्णयाला महत्त्व देणारा प्रकार पुढे आला. रणांगणावरची प्रत्येक शक्यता पुस्तकात लिहिता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. ‘डंजन मास्टर’ हा त्याच पंचाचा वंशज.

गायगॅक्स यांच्या स्वतःच्या टेबलावरचे खेळाडूही कमी नव्हते. त्यांच्यासारख्या कसलेल्या खेळाडूंना जेरीस आणण्यासाठी त्यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे सापळ्यांनी भरलेले थडगे रचले. ते १९७५ च्या ‘ओरिजिन्स’ संमेलनातील स्पर्धेत वापरले गेले आणि १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आले. रॉब कुंट्झ या खेळाडूच्या ‘रॉबिलार’ या पात्राने आपल्या ओर्क अनुयायांना पुढे पाठवून सापळे त्यांच्यावर उडवून घेतले. क्रूर, पण नियमात बसणारे. सापळे चाचपण्यासाठी दहा फुटी काठी बाळगणे हीदेखील या खेळाची जुनी रीत. शिडीतून निघणाऱ्या काठीला गिऱ्हाईक होते ते यामुळेच!

‘शेतकऱ्यांची तोफ’ काय आहे?

ही या खेळातली सर्वांत गाजलेली पळवाट. इंग्रजीत ती ‘पेझंट रेलगन’ म्हणून ओळखली जाते. नियमानुसार कोणीही आपली कृती ‘तयार’ ठेवू शकतो. म्हणजे ‘शेजाऱ्याने भाला दिला की मी तो पुढच्याला देईन’ असे आधीच ठरवता येते. आणि लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते, मग त्यात कितीही जण सहभागी असोत.

आता पाच-पाच फुटांवर २,००० शेतकरी रांगेत उभे करा. पहिल्याने भाला दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला… आणि सहा सेकंदांच्या आत भाला रांगेच्या टोकाला. अंतर १०,००० फूट, म्हणजे तीन किलोमीटरहून थोडे अधिक. वेग निघतो सेकंदाला ५०० मीटरच्या पुढे, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा दीडपटीच्या आसपास. खेळाडू म्हणतो, ‘एवढ्या वेगाने सुटलेला भाला किल्ल्याची भिंत फोडेल की नाही?’

गंमत अशी की, नियमपुस्तक शब्दशः वाचले तर उत्तर ‘नाही’ असे येते. शेवटचा शेतकरी भाला फेकेल आणि तो लागला तर इजा होईल ती साध्या भाल्याची. २०१४ च्या आवृत्तीत सहा बाजूंच्या एका फाशाइतकी. भाल्याच्या वेगावरून इजा ठरवणारा नियमच नाही. म्हणजे भाला रांगेतून नेताना खेळाडूने नियम वापरले आणि भिंत फोडताना भौतिकशास्त्र. दोन्हींतले सोयीचे तेवढे उचलले.

हुशारी कुठे संपते, पळवाट कुठे सुरू होते?

सुरईने भुयार भरणे आणि शेतकऱ्यांची तोफ यांत फरक आहे तो इथेच. भुयारात पाणी सोडले की ते भरते, हे त्या काल्पनिक जगात राहणाऱ्या कोणालाही पटेल. त्यासाठी नियमपुस्तक उघडावे लागत नाही. तोफ मात्र त्या जगातल्या कोणाही शेतकऱ्याला सुचणार नाही. कारण ‘सहा सेकंदांची फेरी’ ही त्याच्या जगातली गोष्ट नाही. ती टेबलावर बसलेल्यांची हिशेबाची सोय आहे.

दुसरे उदाहरण पाणी निर्माण करण्याच्या मंत्राचे. हा अगदी प्राथमिक मंत्र. ‘उघड्या भांड्यात’ पाणी तयार होते, असे त्यात म्हटले आहे. काही खेळाडू विचारतात, ‘शत्रूचे फुप्फुस हेही भांडेच नाही का?’ इथे खेळाडू जगाचा आधार घेत नाही, एका शब्दाला लोंबकळतो. अढळ दांड्याबाबतही असाच वाद घातला जातो. पृथ्वी फिरते, मग ‘अढळ’ दांडा जमिनीच्या सापेक्ष स्थिर की अवकाशात? तो बटण दाबताच भिंती फोडत निघून जायला नको का?

अशा तर्काची आपल्याला ओळख आहे. ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून मरण, असा हिरण्यकश्यपूचा वर आणि संध्याकाळी उंबरठ्यावर त्यातून काढलेली वाट! शब्द कितीही चोख बांधले तरी फट राहतेच, हे ती कथा सांगते.

नियम बदलले की पळवाटा बंद होतात का?

एखादी होते. शिडीचेच पाहा. २०१४ च्या आवृत्तीत शिडी चांदीच्या एका नाण्याला, म्हणजे तांब्याच्या दहाला आणि काठी पाचला झाली. दोन काठ्या निम्म्या किमतीला विकल्या, तर पाचच तांबे मिळतात. म्हणजे त्या आवृत्तीत या धंद्यात निम्मे पैसे बुडत. पण नियम वाढले, की त्यांच्या जोड्याही वाढतात. २००४ मधल्या ‘सर्पंट किंग्डम्स’ या पुस्तकातल्या एका प्राचीन सर्पवंशाच्या शक्तीचा इतर नियमांशी मेळ घालून खेळाडूंनी ‘पन-पन’ नावाचा कोबोल्ड कागदावर उभा केला. कोबोल्ड म्हणजे या जगातला सर्वांत दुबळ्यांपैकी एक जीव. पन-पनची ताकद मात्र हवी तेवढी वाढवता येते. तो प्रत्यक्ष खेळण्यासाठी नाही. नियमांची रचना कुठे ढासळते हे दाखवणारे ते कोडे आहे.

सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या एका खेळातले. ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळकथांवरील भूमिका-खेळात ठरलेल्या खर्चात आरमार बांधण्याची स्पर्धा होती. १९८१ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट यांनी ‘युरिस्को’ हा आपला प्रोग्रॅम नियमांवर सोडला. त्याने सुचवलेले, जवळपास न हलणाऱ्या पण जाड चिलखताच्या असंख्य जहाजांचे विचित्र आरमार जिंकले. पुढच्या वर्षी नियम बदलून आरमाराच्या चपळाईला महत्त्व दिले गेले. युरिस्कोने उपाय काढला : नुकसान झालेली स्वतःचीच जहाजे बुडवायची, म्हणजे उरलेल्या ताफ्याची चपळाई कायम! लेनाट पुन्हा जिंकले. त्यानंतर, ते पुन्हा उतरले तर स्पर्धाच बंद करू, असे आयोजकांनी सुचवले आणि ते बाजूला झाले. एक फट बुजवली, तर दुसरी उघडली. कारण त्या स्पर्धेत ‘हे खेळाला धरून नाही’ म्हणणारा सूत्रधार नव्हता.

२०२४ च्या पुस्तकात काय म्हटले आहे?

सूत्रधारांसाठीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’च्या २०२४ मधील आवृत्तीत यावर स्वतंत्र मजकूर आला. त्याचा आशय असा : नियम हे भौतिकशास्त्र नाही, ते खेळ रंगावा म्हणून आहेत. माणसांच्या रांगेतून भाला प्रचंड वेगाने पाठवण्याची युक्ती तिथे उदाहरण म्हणून थेट नाकारली आहे. नियम म्हणजे अर्थव्यवस्थाही नव्हे. मंत्रांच्या जोड्या लावून अमर्याद संपत्ती निर्माण करणे हा गैरवापर. लढाईचे नियम शत्रूशी लढण्यासाठी आहेत. असहाय प्राण्यांवर वार करून त्यांचा लाभ उठवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, नियमांचा अर्थ चांगल्या हेतूनेच लावला जाईल, हे गृहीत आहे. म्हणजे पन्नास वर्षे नियमांची भर पडल्यावर पुस्तकाने पंचाची गरज पुन्हा अधोरेखित केली.

मग टेबलावर फैसला कसा होतो?

अनुभवी सूत्रधार साधारण तीन गोष्टी पाहतात. ही युक्ती त्या जगातल्या माणसाला सुचेल की फक्त पुस्तक वाचणाऱ्याला? नियम आणि वास्तव यांतले सोयीचे तेवढेच निवडले आहे का? आणि उद्या शत्रूने हीच युक्ती तुमच्यावर वापरली तर चालेल का? फुप्फुसात पाणी भरण्याचा हट्ट तिसऱ्या प्रश्नाला बहुधा गळून पडतो. मंत्र शत्रूच्या जादूगारालाही येतो.

यात पणाला लागते ती चार-पाच मित्रांची संध्याकाळ. एकाने अमर्याद पैसा किंवा अजेय पात्र मिळवले, की बाकीच्यांना करण्यासारखे काही उरत नाही. उलट सूत्रधाराने प्रत्येक कल्पनेला ‘पुस्तकात नाही’ म्हणून नकार दिला, की कोणी नवे काही सुचवत नाही. मग माणसांऐवजी संगणकासमोर बसलेले काय वाईट? जबड्यात अढळ दांडा अडकवण्याचा क्षण खेळाडूंना पुढे वर्षानुवर्षे आठवतो. तो कुठल्याही नियमात लिहिलेला नसतो. म्हणूनच चांगला सूत्रधार शिडी कापणाऱ्याला ‘नाही’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पहिल्या दोन काठ्या गेल्या. तिसऱ्या दिवशी गावातल्या काठ्यांचा भाव पडला आणि सुतार तुम्हाला शोधतोय. आता काय करता?’