चुनखडीच्या पोटातील तेल

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात विहीर खणू लागले की प्रथम माती, मग मुरूम आणि अखेर काळा कातळ लागतो. पारनेर किंवा संगमनेरच्या शेतकऱ्यास पाणी मिळते ते या कातळाच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. हाच काळा खडक पश्चिमेस समुद्रतळाखालीही पसरला असून 'मुंबई हाय'च्या परिसरातही खोलवर आढळतो. तेथे तेल सापडते. मग आपल्या कातळात ते का नसावे, असा प्रश्न साहजिकच पडतो.

आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हारस थिजून बनला. त्यात जीवावशेष नाहीत. तेलास मात्र सेंद्रिय द्रव्यांनी युक्त असा गाळ लागतो. समुद्राकडील भागात या कातळावर पुढे चिखलाचे थर साचले. ते खोल गाडले गेले, तापले आणि त्यांतील जैव द्रव्याचे तेल व वायू बनले. उष्णता अधिक झाली तर तेलाचेही विघटन होऊन वायूच उरतो.

हे तेल हलके असल्याने सच्छिद्र खडकातून वर सरकते. मुंबई हाय येथे त्याला आश्रय मिळाला तो सागरी जीवांच्या कवचांपासून बनलेल्या मायोसीन काळातील चुनखडीत. समुद्र मागे हटला तेव्हा पावसाच्या पाण्याने तिचा काही अंश विरघळून पोकळ्या झाल्या. मात्र केवळ पोकळ्या पुरेशा नसतात. त्या एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात. खोलीबरोबर वाढणाऱ्या भाराने त्या दबूही शकतात. म्हणून फार खोलवरच्या चुनखडीत भेगांना विशेष महत्त्व येते. शिवाय वर घट्ट शेलचे झाकण आणि घुमटाकार उंचवटा हवा, तोही तेल येण्यापूर्वी तयार झालेला. यांपैकी एक जरी अट चुकली तरी साठा होत नाही.

या अटी जुळल्या होत्या, हे फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या वेधन-नौकेने सिद्ध केले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७६ मध्येच वसई क्षेत्रात, अधिक जुन्या चुनखडीत, वायूचा मोठा साठा सापडला. सागरी क्षेत्रांतील वायू उरणला येतो. थळ येथील कारखान्यात नैसर्गिक वायूपासून युरिया बनतो, आणि युरियाच्या गोणीवाटे खोल समुद्राशी शेतकऱ्याचे नाते जुळते.

परंतु हा साठा कोट्यवधी वर्षांची ठेव आहे. उपसला की पुन्हा भरत नाही. दाब टिकविण्यासाठी आत पाणी सोडले, तरी नवे तेल निर्माण होत नाही. आपल्या कातळातील पाण्याचे तसे नाही. पाऊस अडविला व जिरविला तर विहीर पुन्हा भरते, हे हिवरे बाजार व राळेगणसिद्धी यांनी दाखविले आहे. तेल जपून वापरावे आणि पाणी जपून साठवावे, हाच दोन्ही खडकांचा धडा होय.