करप्याच्या शाखा आणि गवताचा संबंध

भात व नाचणी करणाऱ्या शेतकऱ्यास करपा हा रोग नवा नाहीं. पानावर दोन्ही टोकांस निमुळते, मध्यें राखी व कडेस तपकिरी असे ठिपके पडतात. पुढें लोंबीच्या मानेशीं रोग गेला कीं मान मोडते व दाणे पोचट राहतात. यासच मानमोडी म्हणतात. परंतु हाच रोग गवतावर व गव्हावरही पडतो, आणि गवताचा करपा गव्हावर कसा आला ही हकीकत प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखी आहे.

हा रोग पायरिक्युलेरिया ओरायझी नांवाच्या बुरशीपासून होतो. तिचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्यानें पसरतात. ओल्या पानावर बीजाणू पडला म्हणजे तो रुजून पानास घट्ट चिकटतो व घुमटासारखा एक फुगवटा करतो. त्या फुगवट्यांत मोटारीच्या चाकांतील हवेच्या सुमारें ४० पट दाब उत्पन्न होतो, आणि त्या जोरावर बुरशी पानाची त्वचा भेदून आंत शिरते.

बुरशी एक असली तरी तिच्या शाखा अनेक आहेत. हक्कपत्रकांत एकाच आडनांवाचे दहा खातेदार असतात, परंतु प्रत्येकाचा सर्व्हे नंबर निराळा. तद्वत भातावरील शाखा सहसा नाचणीस उपद्रव देत नाहीं, व नाचणीवरील शाखा भातास देत नाहीं. कोणती शाखा कोणत्या पिकावर जगेल हें तिच्या जनुकांवरून, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या घटकांवरून, ठरतें.

मात्र ही हद्द कायमची नव्हे. अमेरिकेंत गोल्फच्या मैदानांवर बारमाही रायग्रास लावतात. १९९१ सालीं पेनसिल्व्हेनिया संस्थानांत त्या गवतावर हा रोग आला व पुढें इतर संस्थानांतील मैदानेंही त्यानें जळालीं. तपासांत असें दिसून आलें कीं, ही बुरशी भातावरील शाखेपासून दूरची असून गव्हावरील शाखेची जवळची भाऊबंद आहे.

गव्हावर हा रोग प्रथम १९८५ सालीं ब्राझीलच्या पाराना प्रांतांत आढळला होता. त्याचें कारण संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. गव्हाच्या बहुतेक वाणांत रायग्रासवरील बुरशीस ओळखून अडविणारें एक जनुक असतें. ब्राझीलमध्यें त्या सुमारास अनाहुआक नांवाचा वाण मोठ्या क्षेत्रांत पेरला जात असे. त्यांत तें जनुक नव्हतें. पहारा नसलेल्या दारानें बुरशी आंत आली. नंतर ज्या खुणेवरून गहू तिला ओळखीत असे, ती खूणच बुरशींत बिघडली, आणि पहारा असलेले वाणही तिला मोकळे झाले.

२०१६ सालीं बांगलादेशांत सुमारें १५,००० हेक्टर गव्हावर हा रोग पडला. ती बुरशी दक्षिण अमेरिकेंतील शाखेचीच होती, असें जनुकांच्या तपासावरून ठरलें. पुढें पश्चिम बंगालमधील नदिया व मुर्शिदाबाद या सरहद्दीवरील जिल्ह्यांत गव्हाची पेरणी कांहीं वर्षें बंद ठेवावी लागली.

उपायही गवताकडूनच मिळाला. गव्हाच्या एका रानटी सगोत्र गवताच्या गुणसूत्राचा तुकडा संकरानें गव्हांत आलेला आहे. तो ज्यांत आहे ते वाण या रोगास बरेंच तोंड देतात. बांगलादेशानें २०१७ सालीं प्रसारित केलेला बारी गोम ३३ हा वाण त्यांपैकींच होय.

आपल्या भात-नाचणीपुरतें करावयाचें तें असें. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत भाताचें बियाणें टाकावें. तरंगणारें पोचट बीं काढून टाकावें, व उरलेलें स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुऊन सावलींत वाळवावें. नत्रखत एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावें. पिकाचें सगोत्र असलेलें तण बांधावर राहूं देऊं नये. आणि कोणताही वाण कितीही नांवाजलेला असला तरी साऱ्या शिवारांत तोच एक पेरूं नये; कारण त्याचा पहारा एकदां चुकला म्हणजे एकाच हंगामांत साऱ्या गांवाचें पीक जावयाचें.