ढगातले दप्तर

हिवरे बाजार हे अहिल्यानगर जिल्ह्यातले गाव. इथे पाऊस थोडा. म्हणून गावकरी दर वर्षी पाऊस मोजतात. विहिरींचे पाणी मोजतात. मग ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडतात. पाणी किती ते पाहून पिके ठरतात. आधी हिशेब, मग पेरणी.

असा हिशेब जपून ठेवावा लागतो. आम्ही शाळेचे दप्तर सांभाळले आहे. एका पावसाळ्यात छप्पर गळले. दाखल्यांची वही भिजली. एक म्हातारा दाखला मागायला आला आणि रिकाम्या हाताने परत गेला. ते आम्ही विसरलो नाही.

आता लोक सांगतात, ‘दप्तर क्लाउडवर ठेवा.’ क्लाउड म्हणजे ढग. पण दप्तर काही आभाळात जात नाही, बरं का! ते जाते दूरच्या एका इमारतीत. तिथे पुष्कळ संगणक रात्रंदिवस चालू असतात. मुंबईत आणि पुण्यात अशा इमारती आहेत. वखारीत धान्य ठेवावे, तशी आपण तिथे भाड्याने जागा घेतो. भारत सरकारनेही २०१४ साली आपल्या कचेऱ्यांसाठी अशी सोय सुरू केली. तिचे नाव ‘मेघराज’.

ही जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या शहरात मेळावे भरवतात. एकेक विक्रेता दहा-पंधरा मिनिटे बोलतो. पडद्यावर चित्रे दाखवतो. मग चहा होतो, ओळखी होतात. हाही एक बाजारच. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, त्याला चालवून बघतो. इथे बघायला दात नाहीत. म्हणून प्रश्न विचारायचे.

भाडे किती? वापर वाढला तर किती होईल?

दप्तराच्या नकला किती ठिकाणी राहतील? एक इमारत बंद पडली तर काय?

किल्ली, म्हणजे पासवर्ड, कोणाकोणाकडे राहील?

उद्या आम्हांला दुसरीकडे जायचे झाले, तर दप्तर परत कसे मिळेल?

हा शेवटचा प्रश्न पुष्कळ जण विसरतात. बऱ्याच कंपन्या माहिती आत पाठवायला पैसे घेत नाहीत. बाहेर काढायला मात्र घेतात.

असा विक्रेता उद्या आपल्या पतपेढीत येईल, दूधसंस्थेत येईल. त्याचे बोलणे गोड असेल. ते ऐकून घ्यावे. पण उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि सभेत सगळ्यांपुढे वाचावीत. आता आपल्याला वाचता येते. हिवरे बाजारात आधी हिशेब, मग पेरणी. तसे इथे आधी प्रश्न, मग सही.