उसातला बेडूक आणि पगाराचे यंत्र

आपले पूर्वज मुंबई बंदरातून या बेटावर आले ते उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी. तेव्हा उसाची हुमणी म्हणजे काय हे आपल्या जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. जमिनीखाली राहून मुळ्या कुरतडणारी ही पांढरी अळी आणि तिचाच पुढे होणारा भुंगेरा यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या ऊसकऱ्यांनाही एके काळी रडकुंडीस आणले होते.

तेथील ऊस-संशोधन खात्याला मग एक उपाय सापडला. 1932 साली पोर्तो रिको येथे भरलेल्या ऊसतज्ज्ञांच्या परिषदेत दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या बेडकाची फार तारीफ झाली होती. खात्याचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड मंगोमेरी यांनी 1935 च्या जूनमध्ये हवाई बेटांतून असे शंभरेक बेडूक आणले. गॉर्डनव्हेल येथे त्यांची पैदास झाली आणि ऑगस्टमध्ये सुमारे 2,400 पिल्ले सोडण्यात आली.

सोडण्यापूर्वी खात्याने काय तपासले? बेडूक जगतो की नाही, अंडी घालतो की नाही, एवढेच. तो आल्याने मळ्यातले भुंगेरे खरोखर कमी होतात काय, याचा प्रयोग कोणी केला नाही. भुंगेरा बसतो उसाच्या शेंड्यावर, अळी राहते मातीत, आणि बेडूक बिचारा दोहोंच्या मधे जमिनीवर! वॉल्टर फ्रॉगॅट या निवृत्त कीटकशास्त्रज्ञांनी धोक्याची सूचना दिली होती. (बेडकांविरुद्ध उभे राहिलेल्या गृहस्थांच्या आडनावातच ‘फ्रॉग’ असावा, हा योगायोग सांगितला की वर्गातली मुले हसतात.) डिसेंबर 1935 मध्ये केंद्र सरकारने आणखी बेडूक सोडण्यास बंदीही घातली, पण पुढच्याच सप्टेंबरात ती उठली. हुमणी होती तेथेच राहिली. बेडकाच्या विषाने मात्र घोरपडी, साप आणि क्वोल नावाचे मांजराएवढे शिकारी प्राणी मरू लागले. 2009 पर्यंत बेडूक पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर पोहोचला होता.

आपणही फार हसू नये. 1922 साली आपल्या मॉरिशसमध्येही उसाच्या भुंगेऱ्यांसाठीच दक्षिण आफ्रिकेतून बेडूक आणले गेले, आणि ते अजून येथेच आहेत.

क्वीन्सलँडला सावधपणा ठाऊक नव्हता असेही नाही. तेथे निवडुंगाने लाखो एकर जमीन व्यापली, तेव्हा 1925 साली अर्जेंटिनातून एक पतंग आणला गेला. त्याच्या अळ्या इतर पिकांवर ठेवून, त्या उपाशी मरतात पण पीक खात नाहीत याची खात्री झाली आणि मगच तो सोडला. थोड्याच वर्षांत बहुतेक निवडुंग नाहीसा झाला. हे यश डोळ्यांसमोर असताना बेडकाच्या वेळी ती पायरी का गाळली, याचेच आम्हाला नवल वाटते.

आता त्याच राज्यातली 75 वर्षांनंतरची गोष्ट. क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्यात सुमारे 78,000 कर्मचारी. पगाराची जुनी संगणक प्रणाली कोणत्याही दिवशी बंद पडेल या भीतीने 2007 अखेर आयबीएम कंपनीला मुख्य ठेकेदार नेमून नवी प्रणाली करायला घेतली. रात्रपाळी, जादा काम, 200 हून अधिक भत्ते, सगळे मिळून पगाराचे सुमारे 24,000 प्रकार होत होते! अशा वेळी जुनी आणि नवी प्रणाली शेजारी शेजारी चालवून प्रत्येकाचा पगार ताडून पाहणे हाच सरळ मार्ग होता. तसे पूर्णपणे झालेच नाही. चाचण्यांत दोष निघत होते, तरी मार्च 2010 मध्ये नवे यंत्र सुरू झाले. सराव परीक्षा न घेता मुलांना वार्षिक परीक्षेला बसवणाऱ्या शिक्षकाला आपण काय म्हणतो?

आपल्या मंडळांत वर्गणीची वही मोबाइलवर न्यायची गोष्ट निघाली, तर आमचा विरोध नसेल. फक्त चार महिने वही आणि मोबाइल दोन्ही चालू द्यावेत, आणि आकडे जुळवून पाहणारा माणूस ते विकणाऱ्याहून वेगळा असावा.

क्वीन्सलँडमध्ये परिचारिका, सफाई कामगार, डॉक्टर यांच्यापैकी कोणाला कमी पगार मिळाला, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. घरभाड्याची तारीख थोडीच थांबते! ज्यांना जास्त मिळाला होता त्यांच्याकडे मग तो परत मागण्यात आला. 2013 साली रिचर्ड चेस्टरमन यांच्या चौकशी आयोगाने सांगितले की, जुन्या प्रणालीच्या भीतीपोटी केलेली घाई अनाठायी होती. म्हणजे धोका मोजलाच नाही असे नव्हे. जुन्याचा धोका मोजला, नव्याचा मोजायचा राहिला. एकूण खर्चाचा अंदाज 120 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांवर गेला. राज्य सरकारने कंपनीवर दावा लावला, पण 2010 मध्ये स्वतःच केलेल्या तडजोडीच्या करारामुळे 2015 साली तो हरले.