सत्तापालट आणि बदलती मैत्री (लेखांक ६) : नायजरने पश्चिमेकडे पाठ का फिरवली?

२६ जुलै २०२३ रोजी नायजरची राजधानी नियामे येथे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम यांना त्यांच्याच रक्षक दलाने निवासस्थानी कोंडले. या दलाचे प्रमुख जनरल अब्दुर्रहमान चियानी २०११ पासून त्या पदावर होते. दोन दिवसांनी दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी स्वतःला नव्या लष्करी परिषदेचे अध्यक्ष म्हणून घोषित केले. १९६० मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या नायजरमध्ये १९७४, १९९६, १९९९ आणि २०१० मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती, म्हणजे हे पाचवे बंड. त्याची हळहळ मात्र वेगळी होती. एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्या निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती शांततेने कारभार सोपवण्याची घटना या देशात पहिल्यांदा घडली होती ती एप्रिल २०२१ मध्ये, बाझूम यांच्याच शपथविधीला. सव्वादोन वर्षांत तो धागा तुटला.

पाश्चात्त्य राजधान्यांमधून निषेध लगेच आला. फ्रान्सने नव्या सत्तेला मान्यता नाकारली आणि विकासनिधी थांबवला. युरोपीय संघाने अर्थसाहाय्य आणि सुरक्षा सहकार्य स्थगित केले. अमेरिकेने बाझूम यांच्या सुटकेची मागणी केली. हा निषेध निव्वळ लोकशाहीच्या कळवळ्यातून आलेला नव्हता, आणि ते लपूनही राहिले नाही. माली आणि बुर्किना फासो या शेजारी देशांत लष्कराने सत्ता घेतल्यावर फ्रेंच सैन्याला तेथून निघावे लागले होते. साहेलच्या पट्ट्यात पश्चिमेला उरलेला भरवशाचा आधार म्हणजे नायजर. तेथे सुमारे १,५०० फ्रेंच आणि सुमारे १,००० अमेरिकी सैनिक तैनात होते. अगादेझजवळच्या वाळवंटात अमेरिकेने अकरा कोटी डॉलर खर्चून ड्रोनचा तळ उभारला होता. आर्लितच्या खाणींतले युरेनियम फ्रेंच कंपनी काढत होती. भूमध्य समुद्राकडे निघालेल्या स्थलांतरितांना अगादेझमध्येच अडवण्यासाठी युरोपच्या आग्रहावरून २०१५ मध्ये एक कायदाही झाला होता. मार्च २०२३ मध्ये अँटनी ब्लिंकन नियामेला गेले, तेव्हा नायजरला भेट देणारे ते पहिलेच अमेरिकी परराष्ट्रमंत्री ठरले. बंड झाले ते त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी.

फ्रान्सच्या निषेधाला धार होती, पण तो करण्याचा नैतिक अधिकार दोनच वर्षांपूर्वी झिजला होता. एप्रिल २०२१ मध्ये चाडचे राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी लढाईत मारले गेले. राज्यघटनेनुसार सत्ता संसदेच्या सभापतींकडे जायला हवी होती. ती गेली मुलाकडे, जनरल महामत देबी यांच्याकडे, आणि संसदच बरखास्त झाली. इद्रिस यांच्या अंत्यविधीला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ जातीने हजर होते आणि त्यांनी चाडच्या स्थैर्याची ग्वाही दिली. चाडचे सैन्य फ्रान्ससाठी लढत होते, एवढाच काय तो फरक. माली, बुर्किना आणि नायजरच्या अधिकाऱ्यांनी हा प्रसंग पाहिला होता. नियामेच्या रस्त्यांवर जमलेल्या तरुणांनाही तो ठाऊक होता. ३० जुलैला फ्रेंच दूतावासावर चालून गेलेल्या जमावात रशियाचे झेंडे दिसले. ते झेंडे कोणी वाटले हा प्रश्न रास्त आहे, पण ते हाती घ्यायला माणसे तयार होती, हे त्याहून महत्त्वाचे.

अमेरिकेची अडचण वेगळ्या जातीची होती. लष्कराने निवडून आलेले सरकार उलथले, तर त्या देशाच्या सरकारला दिली जाणारी मदत थांबवणे अमेरिकी कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये ‘बंड’ हा शब्द केवळ वर्णनाचा राहत नाही, तो उच्चारला की तिजोरीचे दार बंद होते. जुलै २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना हटवले, तेव्हा ओबामा प्रशासनाने ते बंड होते की नव्हते हे ठरवण्याचेच टाळले. नायजरच्या बाबतीतही अगादेझचा तळ हातचा जाऊ नये म्हणून तोच मार्ग धरला गेला. ७ ऑगस्टला अमेरिकी परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ अधिकारी व्हिक्टोरिया नुलंड नियामेला गेल्या. त्यांना ना चियानी भेटले, ना बाझूम यांची भेट मिळाली. चर्चेला समोर आले जनरल मूसा सालाउ बार्मू, ज्यांचे लष्करी प्रशिक्षण अमेरिकेतच झाले होते. अखेर १० ऑक्टोबरला, घटनेनंतर तब्बल अडीच महिन्यांनी, अमेरिकेने ‘बंड’ हा शब्द वापरला आणि सुमारे ५० कोटी डॉलरची मदत रोखली. इतक्या उशिरा बोललेल्या शब्दाने नियामेत कोणी हादरले नाही.

मधल्या काळात खरा दबाव शेजाऱ्यांकडून आला. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ या संघटनेचे अध्यक्षपद तेव्हा नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांच्याकडे होते. ३० जुलैला संघटनेने बाझूम यांना पुन्हा पदावर बसवण्यासाठी आठवड्याची मुदत दिली आणि बळाचा वापर करण्याचा इशाराही. सीमा बंद झाल्या, बँकव्यवहार थांबले. नायजर तेव्हा आपली बहुतांश वीज नायजेरियाकडून घेत होता, ती तोडली गेली. बेनिनच्या सीमेवर मालमोटारींच्या रांगा लागल्या, धान्य महागले, औषधांची टंचाई झाली. जनरलांच्या बंगल्यांत जनरेटर होते. अंधार झाला तो सामान्य घरांत. निर्बंधांचा हा दोष जुना आहे आणि येथे तो अगदी उघडा पडला, कारण लोकांचा राग बंड करणाऱ्यांवर न जाता निर्बंध लादणाऱ्यांवर गेला. माली आणि बुर्किना फासो यांनी नायजरवरील हल्ला म्हणजे आपल्याविरुद्ध युद्ध, असे जाहीर केले. नायजेरियाच्या सिनेटनेही टिनुबू यांच्याकडे राजकीय मार्ग शोधण्याचा आग्रह धरला. मुदत संपली आणि सैन्य हललेच नाही. पोकळ ठरलेल्या धमकीने चियानींचे आसन उलट घट्ट केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये इकोवासने बहुतेक निर्बंध मागे घेतले, तेव्हा बाझूम अजून स्थानबद्धच होते.

दरम्यान पश्चिमेशी असलेल्या संबंधांची पडझड वेगाने झाली. नायजरने फ्रेंच राजदूताला देश सोडण्यास सांगितले. फ्रान्सने ते सरकार मान्यच नसल्याचे सांगून नकार दिला आणि राजदूत काही आठवडे दूतावासातच अडकून राहिले. २४ सप्टेंबर २०२३ रोजी मॅक्राँ यांनी माघार जाहीर केली, २२ डिसेंबरला शेवटचा फ्रेंच सैनिक गेला. नोव्हेंबरमध्ये स्थलांतरितांविषयीचा २०१५ चा कायदा रद्द झाला. युरोपला सर्वांत बोचणारे उत्तर कदाचित हेच होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी शिष्टमंडळ येऊन रशिया आणि इराणशी जवळीक वाढवण्याविषयी चिंता व्यक्त करून गेले. ते परतताच लष्करी सरकारच्या प्रवक्त्याने त्या बोलण्याच्या सुरावरच आक्षेप घेतला आणि अमेरिकेशी असलेला लष्करी करार मोडल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये अगादेझचा तळ रिकामा झाला. त्याआधीच, एप्रिलमध्ये, रशियन प्रशिक्षक हवाई संरक्षणाची सामग्री घेऊन नियामेच्या विमानतळावर उतरले होते.

या बदलाला ‘पश्चिमेकडून रशियाकडे’ एवढेच नाव देणे अपुरे आहे. १६ सप्टेंबर २०२३ रोजी माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला. जुलै २०२४ मध्ये त्याचे रूपांतर साहेल राज्यांच्या महासंघात झाले आणि २९ जानेवारी २०२५ पासून हे तिन्ही देश इकोवासमधून औपचारिकरीत्या बाहेर पडले. चीनच्या सरकारी तेल कंपनीने नायजरचे तेल बेनिनच्या किनाऱ्यापर्यंत नेणारी सुमारे २,००० किलोमीटरची वाहिनी उभारली आहे, पण त्या कंपनीशीही नियामेचे खटके उडाले. इटलीचे काही सैनिक मात्र राहिले. जून २०२५ मध्ये आर्लितची खाण चालवणाऱ्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. युरेनियम कोणाला विकायचे हे आता नियामे ठरवेल, असा त्याचा अर्थ. ही भूमिका स्वाभिमानाची आहे आणि तिला जनतेत पाठिंबाही आहे, हे नाकारता येत नाही.

नाकारता येत नाही ती दुसरी बाजूही. लष्कराने बंडाचे कारण सांगितले होते बिघडती सुरक्षा. मार्च २०२५ मध्ये तीन देशांच्या सीमा मिळतात त्या भागात, कोकोरूजवळच्या फाम्बिता वस्तीतील मशिदीवर नमाजाच्या वेळी हल्ला झाला आणि किमान ४४ माणसे मारली गेली. एप्रिलमध्ये तिल्लाबेरी प्रदेशातून पाच भारतीय कामगार पळवले गेले. ते झारखंडमधून वीजवाहिनीच्या कामासाठी तेथे गेले होते. मित्र बदलल्याने गावे सुरक्षित झाली नाहीत. फ्रेंच सैन्य असतानाही ती सुरक्षित नव्हती, हे खरे, परंतु तेव्हा सरकारला मतदानाने जाब विचारण्याची सोय तरी होती.

म्हणूनच पश्चिमेचा निषेध चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. निवडून आलेल्या माणसाला बंदुकीच्या जोरावर डांबणे गैर, हे विधान चाडमुळे किंवा इजिप्तमुळे खोटे ठरत नाही. हे विधान करणाऱ्यांनी सगळीकडे ते केले नाही, म्हणून त्याचे वजन गेले, आणि त्याची किंमत नियामेतल्या एका घरात चुकती होत राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये इकोवासच्या न्यायालयाने बाझूम यांना मुक्त करण्याचा आदेश दिला, तो पाळला गेला नाही. जून २०२४ मध्ये त्यांचे घटनात्मक संरक्षण काढून घेण्यात आले. २६ मार्च २०२५ रोजी चियानी यांनी पुढील पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि त्या दिवशीही २०२१ ची निवडणूक जिंकलेले मोहम्मद बाझूम पत्नीसह त्यांच्याच कैदेत होते.