एक कोंबडी मान टाकते तेव्हा

बाळापुरात परसात दहा गावरान कोंबड्या असल्या, की अंड्यांवर घरचा तेल-मिठाचा खर्च निघतो. त्यातली एक मान टाकून बसली तर?

आधी तिला वेगळी करा. खोक्यात कोरडा भुसा टाका, ऊब द्या. पाण्याची वाटी चोचीजवळ ठेवा, पण घशात ओतू नका. पाणी श्वासनळीत गेलं तर ती दगावू शकते. दाणापाणी आधी चांगल्या कोंबड्यांना, आजारी शेवटी. मग हात साबणानं धुवा.

आता विष्ठा बघा. हिरवट पातळ, मान वाकडी, श्वासाला घरघर, म्हणजे राणीखेतची शंका. त्यावर औषध नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्याच्या सुमारास आर-टू-बी.

पटापट मरायला लागल्या तर हात लावू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

आणि हो, आजारी कोंबडी बाजारात खपवू नका. पैसे एकदाच येतील, पण रोग दुसऱ्याच्या खुराड्यात जाईल अन् गिऱ्हाईक कायमचं तुटेल. वहीत ती तोट्यात लिहा, लस मात्र खर्चात. धंदा असाच टिकतो.